निजल्या हरकाऱ्याची बखर

श्री. वाऱ्यावरून चालणारे आणि डोळ्यांस न दिसणारे जे दैवत, त्यास प्रथम दंडवत. दुसरे दंडवत विजेस, की जी घरात असता कोणी आठवीत नाही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात हरकारा निजण्याचा जो प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा येथे लिहिला असे. कमीजास्त केलेले नाही.

राज्य थोर नव्हते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी, इतकाच मुलूख, तोही तिसऱ्या मजल्यावर. उत्तरेस शेजारी खानविलकर, दक्षिणेस लिफ्टचा खड्डा, पूर्वेस पाण्याची टाकी, पश्चिमेस रस्ता, ऐशा चतुःसीमा. राज्याचे धनी दिनकरराव सरकार, उमर सत्तरीच्या पुढे. एसटीच्या कचेरीत ड्रायव्हर लोकांच्या पाळ्या लावण्यात त्यांचा जन्म गेला आणि मग ते निवृत्त होऊन मुलखात स्थिर जाहले. सरकारांचा लौकिक काटकसरीचा. खोलीतून मनुष्य उठले की दिवा बंद, पाठ वळली की पंखा बंद. बाईसाहेब न्हाणीघरात असता बाहेरून दिवा मालविल्याचे प्रसंग अनेक घडले, आणि त्या समयी आतून जे शब्द येत ते बखरीत लिहिण्याजोगे नव्हेत. बाईसाहेबांचे नाव कुमुदिनीबाई. त्यांचा लौकिक बोलण्याचा. त्या भाजी निवडता बोलत, आणि कणीक मळता बोलत, आणि दूध उतू गेले तर दुधाशी बोलत. सरकार मधून मधून हुं म्हणत. ऐसा दोघांचा कारभार बहुत वर्षे सुरळीत चालला होता. त्यांस एकच कन्या, केतकी. ती सातासमुद्रापलीकडे, बर्फाच्या मुलखात, दातांची डॉक्टर म्हणून होती. येथे दिवेलागण होई तेव्हा तेथे उजाडे, आणि ती दवाखान्यात जाण्यापूर्वी आईबापांशी बोले.

या बोलण्याकरिता जेवणाच्या मेजावर एक पेटी ठेवलेली असे. लोक तीस लॅपटॉप म्हणतात. सरकारांपाशी बटणांचा एक जुना मोबाइल होता, परंतु तो कानास लावताच कानातले श्रवणयंत्र शिट्टी मारी, आणि लेकीशी शिट्टीत बोलावे ऐसे सरकारांस वाटत नसे. म्हणोन पेटी. तर त्या पेटीच्या पोटात वायफाय कार्ड नामे एक हरकारा राहात असे. बोलणे उचलावे, वाऱ्यावरून भिंतीवरच्या लुकलुकत्या डबीपर्यंत न्यावे, आणि जगाकडून जे येईल ते परत आणून द्यावे, ही त्याची चाकरी. हरकाऱ्यावर हुकूम चालविणारा एक जमादार, त्यास पेटीवाल्यांच्या बोलीत ड्रायव्हर म्हणतात. आणि या दोघांवर काटकसर खात्याचा एक कारभारी, ज्याचे तोंड आजवर कोणी पाहिले नाही. इतकी मंडळी ध्यानी ठेवावी, म्हणजे पुढील मजकूर उमगेल.

कार्तिकात बाईसाहेब आजारी पडल्या आणि हॉस्पिटलात देवाघरी गेल्या. केतकी विमानाने आली, परंतु ती पोहोचली तोवर बाईसाहेबांचे बोलणे संपले होते. मग तिने बापाबरोबर दिवसवार केले, तेरावे केले, आईच्या साड्या घड्या घालून कपाटात लावल्या, आणि गेली. जे विचारायचे ते येथे असता तिच्याने विचारवले नाही. तिकडे गेल्यावर एके सकाळी तिने विचारले, "बाबा, आई शेवटी काही बोलली का?" प्रश्न साधा होता. उत्तरही सरकारांपाशी होते, आणि ते एका ओळीचे होते. परंतु ते घशातून वर येण्यास वेळ लागे. चेहरा दाखविणारा कॅमेरा दोघांनीही आताशा बंद ठेवला होता, कारण एकमेकांचे डोळे पाहवत नव्हते. तेव्हा सरकारांनी चष्मा काढला, आणि पुसला, आणि पुन्हा लावला, आणि आता बोलावे म्हणून तोंड उघडले, तो पेटीवर एक चक्र फिरू लागले आणि लाइन तुटली. पेटी बंद करून पुन्हा चालू केल्यावाचून हरकारा उठेना. तोवर केतकी दवाखान्यात गेली. दुसरे खेपेस तिने तोच प्रश्न केला, आणि सरकारांनी तोच चष्मा पुसला, आणि लाइन त्याच जागी तुटली. तिसरे खेपेस ती म्हणाली, "बाबा, सांगायचं नसेल तर तसं सांगा. पण फोन ठेवून देऊ नका." सरकार म्हणाले, "मी ठेवला नाही गं." ती म्हणाली, "मग नेमका याच प्रश्नाला कसा तुटतो? भाजीवाल्याचं बोलताना कधी तुटत नाही." हे खरे होते. सरकार त्यावर विचार करू लागले, आणि ते विचार करीत असता लाइन तुटली.

त्यानंतर केतकीचा फोन काही दिवस आला नाही. सरकारांस धास्ती पडली ती पेटीची नव्हे. पोर एकदा रुसली तर विचारणेच सोडून देईल, आणि मग बाईसाहेबांचे ते एक वाक्य कायमचे आपणाकडेच राहून जाईल, ही धास्ती. म्हणोन सरकारांनी हरकाऱ्यावर मोहीम काढली.

पहिला सल्ला खानविलकरांचा. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त जाहल्यापासून सर्व विषयांत पारंगत होते. त्यांनी मुलखाची पाहणी केली आणि भिंतीवरच्या डबीकडे बोट करून म्हणाले, "दिनकरराव, डबी नैर्ऋत्येला आहे. तिथे सगळं जड होतं. ईशान्येला न्या, वाऱ्यासारखी पळेल." सरकार म्हणाले, "ईशान्येला देव आहेत." खानविलकर म्हणाले, "ते सरकतात थोडे. अॅडजस्ट करतात." मग देव सरकले आणि डबी ईशान्येस बसली, आणि तिच्या हिरव्या दिव्याने बाळकृष्ण हिरवा दिसू लागला. लाइन पूर्ववत तुटत राहिली. खानविलकर म्हणाले, "फरक पडायला वेळ लागतो."

दुसरी स्वारी तक्रारनिवारण दरबारावर. हा दरबार कोठे भरतो हे कोणास ठाऊक नाही, फक्त त्याचा नंबर असतो. सरकारांनी बटणांचा मोबाइल शिट्टीसकट कानास लावला. प्रथम एका बाईंनी आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे ऐसे सांगितले आणि त्या निघून गेल्या, आणि त्यांचे जागी सनई वाजू लागली. सनई बहुत वेळ वाजली. सरकारांनी नोंद घेतली की लेकीचा आवाज तुटतो, परंतु ही सनई एकदाही तुटली नाही. मग एक तरुण गृहस्थ आले. ते म्हणाले, "सर, तिकडे शिट्टी वाजतेय का?" सरकार म्हणाले, "कान वाजतोय. तुम्ही बोला." त्या गृहस्थांनी पेटीत दुरून शिरून पाहिले आणि निवाडा दिला, "सर, तुमचा ड्रायव्हर करप्ट आहे." सरकार उठून बसले. एसटीच्या कचेरीत काढलेला जन्म त्यांचे अंगी जागा जाहला. "किती खाल्ले?" त्यांनी विचारले. "नाही सर, ड्रायव्हरची फाइल करप्ट आहे." सरकार म्हणाले, "फाइल आहे म्हणजे चौकशी चालू दिसते." गृहस्थ म्हणाले, "सर, तो काढून नवीन टाकू." सरकार म्हणाले, "आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. माणसाला एकदम काढता येत नाही." परंतु त्या दरबारी ऐशी रीत नव्हती. जुन्या जमादारास उभ्या जागी निरोप दिला आणि नव्यास पाचारण केले, आणि नवा म्हणून जो आला तो तोच होता, फक्त तारीख पुढची लावून. सरकारांनी कचेरीत बदल्यांचे हुकूम बहुत पाहिले होते, त्यामुळे त्यांस नवल वाटले नाही. शेवटी गृहस्थ म्हणाले, "आपल्या समस्येचं निराकरण झालं असं नोंदवतो, सर." सरकार म्हणाले, "झालेले नाही. सायंकाळी कळेल." गृहस्थ म्हणाले, "सर, नोंदवलं." आणि बाई पुन्हा आल्या आणि आमच्या सेवेस किती तारे द्याल ऐसे विचारू लागल्या.

मग पेटी पिशवीत घालून सरकार बाजारपेठेतील दुरुस्तीच्या दुकानी गेले. दुकानदाराने पेटी उघडली आणि तीवर गाणी लावली, आणि मग सिनेमा लावला, आणि मग क्रिकेटचा सामना लावला, आणि दुपारभर सर्व दुकानाने तो पाहिला. हरकारा धावत होता आणि कोठे अडखळला नाही. दुकानदार म्हणाला, "आजोबा, मशीन ठणठणीत आहे." सरकार म्हणाले, "घरी तुटते." दुकानदार म्हणाला, "म्हणजे प्रॉब्लेम घरात आहे." सरकार म्हणाले, "ते मला ठाऊक आहे," आणि पेटी पिशवीत घालून चालत परत आले. नवी पेटी घ्या, ही जुनी झाली, ऐसेही दुकानदार पाठीमागून म्हणाला. त्या हंगामात जो तो सरकारांस काही ना काही नवे घ्या, काही ना काही जुने काढून टाका, ऐसेच सांगत असे. बाईसाहेबांचा पलंग देऊन टाका ऐसे सांगणारेही दोघे येऊन गेले होते, चहा पिऊन.

मग दैवयोगे न्हाणीघरात गळती लागली आणि फरशी फोडण्यास प्लंबर आला. तो घाव घालू लागला आणि तमाम मुलूख हादरू लागला, आणि नेमका त्याच समयी पेटी वाजली. केतकीचा फोन होता. तिचा राग उतरला नव्हता, परंतु काळजी रागापेक्षा जास्त जाहली होती. "काय चाललंय तिथे?" तिने विचारले. "गळती," सरकार म्हणाले. "काय?" "गळती." "काही ऐकू येत नाही बाबा." "मलाही नाही." "ठेवू का मग?" सरकार म्हणाले, "नको." मग दोघेही काही बोलली नाहीत. इकडे घाव पडत राहिले, आणि ते घाव उचलून हरकारा समुद्रापार नेत राहिला, आणि लेक तिकडे बापाच्या न्हाणीघराची फरशी फुटताना ऐकत बसली. लाइन तुटली नाही. मग प्लंबराने हातोडा ठेवला आणि म्हणाला, "काका, चहा मिळंल का?" सरकारांनी मान हालविली आणि फ्रिजातून दूध आणण्यास उठले. मुलूख शांत जाहला. आणि पेटीवर चक्र फिरू लागले.

सरकार दुधाचे पातेले हाती घेऊन तसेच उभे राहिले. त्यांस पहिल्याने उमगले की हा हरकारा प्रश्नावर तुटत नाही. तो शांततेवर तुटतो. कोणी बोलेनासे जाहले की काटकसर खात्याचा कारभारी समजतो की येथील काम संपले, आणि हरकाऱ्यास निजवितो, आणि निजलेला हरकारा हाकेने उठत नाही. बाईसाहेब हयात असता ऐसे एकदाही घडले नव्हते, कारण, ऐसे सरकारांस वाटले, बाईसाहेबांनी त्यास डोळा लावण्याची फुरसतच दिली नव्हती. प्लंबर म्हणाला, "काका, दूध सांडतंय."

दुसरे दिवशी दिवेलागणीस सरकार सिद्ध होऊन बसले. मेजावर डावीकडे परात उपडी ठेविली आणि हाती पळी घेतली. फोन येताच त्यांनी परातीवर पळी मारण्यास आरंभ केला. केतकी म्हणाली, "आता काय वाजवताय?" सरकार म्हणाले, "परात. मी वाजवतोय तोवर तू बोल. थांबलो की हा झोपतो." मग त्यांनी पळीच्या ठेक्यावर सर्व वर्तमान सांगितले. केतकी काही वेळ गप्प राहिली, परात वाजत होती म्हणून ते चालले. मग ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही ठेवत नव्हता फोन." सरकार म्हणाले, "सांगत होतो की." ती म्हणाली, "बाबा, हे पॉवर सेव्हिंग असणार. आमच्या दवाखान्यातलं एक मशीन असंच झोपायचं. कुठेतरी आत टिक असते, ती काढायची. मी सांगते तसं करा." परंतु डावा हात परातीस गुंतला आणि उजव्याने माउस नीट चालेना, बाण भलतीकडेच जाऊ लागला. इतक्यात खानविलकर दारात उभे राहिले. बायको गेलेला शेजारी संध्याकाळी परात बडवितो आहे हे ऐकून ते सपातांवरच आले होते. हळूच म्हणाले, "दिनकरराव, बरं आहे ना?" सरकार म्हणाले, "बसा. हे वाजवा." "कशासाठी?" "लाइन तुटू नये म्हणून. थांबू नका." खानविलकर बसले, आणि त्यांस दुसरा ठेका येत नसल्याकारणे आरतीच्या ठेक्यावर वाजवू लागले.

मग सरकार पेटीच्या आत उतरले. एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तळघरात, जेथे पेटीच्या सर्व चाकरांची बिऱ्हाडे आहेत. केतकी वाट सांगे आणि सरकार चालत. "वायफायचं नाव दिसतंय?" "दिसतंय." "त्यावर दोनदा दाबा. आता वर कप्पे असतील, पॉवर लिहिलेला उघडा." सरकारांनी तो उघडला. आत एक हुकूम होता, त्याचा आशय ऐसा की, वीज वाचविण्यासाठी या चाकरास बंद करण्याची पेटीस मुभा असावी. हुकुमापुढे चौकोन, आणि चौकोनात बरोबरची खूण.

सरकारांस ती खूण ओळखीची वाटली. तेरावे जाहले आणि केतकी गेली, त्या आठवड्यात पेटीने आपण होऊन विचारले होते की सुधारणा आली आहे, वीज वाचवू काय. सरकारांस त्या दिवसांत दुसऱ्या कोणी काही सुखाचे विचारले नव्हते. त्यांनी लागलीच होय म्हणून दाबले होते. त्या राज्यात वीज वाचविण्यास नाही म्हणण्याची चालच नव्हती. आणि कारभाऱ्याची अक्कल पाहावी, की पेटीची वायर बारा महिने भिंतीच्या प्लगात खोवलेली, वीज अखंड येते आहे, तरी तो चाकराच्या झोपेतून वीज साठवितो आणि आपली पाठ आपणच थोपटतो. ती वाचलेली वीज कोठे जाते, हे विचारणारा कोणी नाही. एक माणूस उत्तर शोधीत गप्प बसला, तर त्यास रिकामा समजून दार लावून घेण्याचे शहाणपण ज्यांस सुचले, त्यांस पगारही चांगला असणार.

केतकी म्हणाली, "टिक दिसली?" सरकार म्हणाले, "दिसली." "काढा." "काढतो. पण तशी वाईट नाही गं ही. वीज वाचते." केतकी म्हणाली, "बाबा." सरकार म्हणाले, "काढली." मग पेटी एकदा बंद करून चालू केली, आणि केतकीने पुन्हा फोन लावला. खानविलकर वाजवीतच होते. तिकडून केतकी म्हणाली, "काका, पुरे आता." खानविलकर म्हणाले, "हो का? हात बसला होता जरा." त्यांनी पळी ठेविली, परात सिंकमध्ये नेऊन ठेविली, देवांकडील डबीकडे एकवार समाधानाने पाहिले, आणि दार ओढून घेऊन गेले.

मग मुलूख शांत जाहला. सरकार पेटीकडे पाहात बसले. चक्र फिरले नाही. रस्त्यावर कोणाची तरी गाडी गेली आणि पुन्हा शांत जाहले, आणि चक्र फिरले नाही. केतकी म्हणाली, "बाबा, आहात ना?" सरकार म्हणाले, "आहे." तिने प्रश्न पुन्हा केला नाही. तो तेथेच होता. सरकारांनी चष्मा काढला, आणि पुसला, आणि पुन्हा लावला, आणि हरकारा दोहोंच्या मध्ये जागा उभा राहिला, हाती काही नसता. मग सरकार बोलते जाहले. "ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, लागली झोप. म्हणून मी उठून पंखा बंद करायला गेलो."

केतकी काही बोलली नाही. लाइन राहिली.

"बटणावर हात ठेवला, तर मागून म्हणाली, राहू दे चालू, मी जागी आहे."

"मग?"

"मग काही नाही. पंखा चालूच होता."

तिकडे केतकी हसू लागली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला, आणि ती म्हणाली, "हॉस्पिटलातसुद्धा पंखा, बाबा." सरकार म्हणाले, "हुं." त्यानंतर दोघेही गप्प राहिली. तिच्या दवाखान्याची वेळ होऊन गेली तरी ती उठली नाही, आणि यांनीही जेवणाचे नाव काढले नाही. बोलण्यासारखे काही उरले नव्हते, तरी लाइन चालू होती.

येणेप्रमाणे हरकाऱ्याचे वर्तमान. हल्लीची स्थिती ऐशी की, काटकसर खात्याचा कारभारी अद्याप पदावर आहे आणि पुढील सुधारणेत त्यास बढती मिळेल ऐसे बोलले जाते. तक्रारनिवारण दरबारी समस्येचे निराकरण आधीच जाहलेले होते, ते तसेच आहे. डबी ईशान्येस आहे, बाळकृष्ण हिरवा आहे, आणि यश खानविलकरांच्या नावे जमा आहे. केतकी रोज दिवेलागणीस पेटीवर येते, कधी बोलते, कधी बोलत नाही. राज्यातील दिवे सरकार आजही पाठ वळताच मालवितात. निजण्याच्या खोलीतील पंखा मात्र बंद करीत नाहीत. मार्गशीर्ष सरत आला, थंडी बरी आहे, आणि पंखा चालू आहे. लेखन समाप्त.